ताई, तुमची कासवं तुमच्या भावानं सोडून दिली

ताई,

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी नीट बोललेले नाही. रडायचं ते रडून झालं, लोकांसमोर जेवढं रडावं लागतं तेवढं. भांडायचं मात्र राहिलंय. बावीस वर्षं एका घरात नणंद-भावजय म्हणून राहून, दिवसाआड भांडून, आता तुम्ही फोटोत बसून नुसत्या बघताय, हे मला चालणार नाही. तेव्हा ऐका. तुम्हाला उलट उत्तर देता येणार नाही, आणि हे बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या फायद्याचं आहे.

तुमच्या भावानं तुमची कासवं सोडून दिली. दोन्ही. साहेबही आणि मॅनेजरही. तुमच्या दहाव्याच्या दिवशी, भर दुपारी, मी आत तीस माणसांच्या पानांचं बघत होते तेव्हा, दोन बादल्यांत घालून, रिक्षात बसवून, होळी नावाच्या गावातल्या एका वाडीत नेली आणि तिथल्या बावखलात सोडली. बावखल म्हणजे भाजीच्या मळ्याला पाणी द्यायला पूर्वजांनी खणलेलं तळं, बाजूला नारळ, वर शेवाळ. चौदा वर्षं ज्यांनी आपल्या घराबाहेर पाऊल टाकलं नाही, त्यांना तिथे नेऊन सोडलं आणि वर हात जोडून नमस्कार केला. मला विचारलं नाही. मला कळलं ते संध्याकाळी, खरकटं आवरून मी पालकाचे देठ टाकायला बाल्कनीत गेले तेव्हा. टबात नुसतं पाणी.

झालं होतं असं की घाटावर पिंडाला कावळा शिवेना. आपल्याकडे कावळ्यांची काय कमी? बाजारात मासळीवाल्या बायका त्यांना हाकलून हाकलून दमतात. पण तुमच्या पिंडाला पाऊण तास एक फिरकला नाही. कणकवलीहून आलेले आबाकाका म्हणाले, "हिचा जीव त्या कासवांत अडकलाय." मग तुमच्या भावानं हात जोडले आणि म्हणाला, "ताई, तुझी कासवं मी मोकळी करीन." आणि कावळा आला. शेजारचं कांदाभजं उचललं आणि गेला. झालं, सगळ्यांची खात्री पटली. बायका घाटावर जात नाहीत म्हणून मी तिथे नव्हते. असते तर त्याला "तुझी कासवं मी सांभाळीन" असं म्हणायला लावलं असतं, आणि तुम्ही अर्ध्या मिनिटात कावळा पाठवला असतात, हे मी लिहून देते.

मोकळी करीन म्हणे! कशापासून मोकळी? ताज्या पालकापासून? आणि ती आणली कोणी होती? त्यानंच ना? ऑफिसात कुणीतरी सांगितलं, उत्तरेला पाण्यात कासव ठेवा, बढती होते. स्टेशनजवळच्या मत्स्यालयाच्या दुकानातून हा काचेचा वाडगा घेऊन आला. मधोमध प्लास्टिकचं नारळाचं झाड, आणि भोवती जुन्या रुपयाएवढी दोन हिरवी पिल्लं, कानाशी लाल रेघ असलेली. दुकानदारानं सांगितलं होतं, एवढीच राहतात. बढती झाली नाही. पिल्लं मात्र वाढत राहिली. वर्षभरात तुमच्या भावाचा उत्साह संपला आणि वाडगा तिथेच राहिला. एकदा तुम्ही कारखान्यातून दमून आलात, वाडग्यात डोकावलात आणि विचारलंत, "नंदू, ह्यांनी चालायचं कुठे?" तो टीव्ही बघत होता. त्या दिवसापासून ती तुमची झाली.

सातिवलीच्या कारखान्यात तुम्ही पॅकिंगच्या सुपरवायझर. तिथून एक निळं पिंप आणलंत, आत कधी केमिकल भरलं नव्हतं ना हे तीन माणसांना विचारून. ते आडवं कापून घेतलंत, कापलेल्या धारेवर जुन्या पाइपला चीर पाडून तो बसवलात, एका टोकाला विटांचा ओटा रचलात. मी म्हटलं होतं, आपल्या बाल्कनीत आता कपडे कुठे वाळत घालायचे? तुम्ही म्हणालात, "वरती घाल, ती कपड्यांना हात लावत नाहीत." कारखान्याची मालकीण बाई होती आणि तिला सगळे साहेब म्हणायचे, म्हणून मोठी मादी ती साहेब. लहान, लांब नखांचा, सतत तिच्या मागे मागे करणारा तो मॅनेजर. पाहुण्यांना हे समजावून सांगताना तुमचा चेहरा कसा फुलायचा! आणि मी आत जाऊन चहा टाकायचे, कारण तेच ते ऐकून मला वैताग यायचा.

राजोडीच्या समुद्रावर लोक रविवारी भजी खायला आणि फोटो काढायला जातात. तुम्ही वाळूत वाकून समुद्रफेस वेचत फिरायचात, माकुळाच्या हाडाचे ते पांढरे तुकडे पिशवीत भरत, कासवांच्या पाठी कडक राहाव्यात म्हणून. मी चार पावलं मागे, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून देवाला विनवत. तुमच्या वहीत सगळं लिहिलेलं असे. सोमवारी पालक नाहीतर माठ, बुधवारी सुका जवळा, दोनदा धुऊन. शुक्रवारी उपास. दूध, पाव, भात अजिबात नाही, "नंदूने गुपचूप दिला तरी मला सांगणे." टबात हात घातला की साबणानं धुणे. त्या वहीचा मला किती राग होता ताई. माझ्या जेवणाच्या डब्यांच्या हिशोबालासुद्धा मी एवढ्या नेटकेपणानं कधी बसले नाही.

आणि हेही सांगते, कारण भांडणात खरं बोलावं लागतं. मी पालक निवडताना कोवळी पानं वेगळी काढून ठेवत होते. तुम्हाला वाटायचं, ती भाजीवालीनं जास्त दिलेली. नव्हती दिलेली.

आपलं खरं भांडण पाण्याचं. नळाला दिवसाआड पाणी, तेही येईल तेव्हा. उन्हाळ्यात टँकर. घरात माझे वीस डबे, भांड्यांचा डोंगर, आणि तुमचं म्हणणं की टबाचं पाणी तीन दिवसांत बदललंच पाहिजे, शिवाय नळाचं पाणी आधी एक दिवस उघडं ठेवायचं, त्यातलं औषध उडून जायला हवं. मी म्हणायचे, "माणसांना तांब्यानं मोजून पाणी आणि कासवांना तरणतलाव." तुम्ही शांतपणे म्हणायचात, "शुभा, आपण शेजारी जाऊन मागू शकतो. ही कुणाकडे मागणार?" हे तुमचं नेहमीचं. मधेच एखादं वाक्य असं टाकायचं की समोरच्याला पुढे भांडताच येऊ नये. मग मी ठरलेलं बोलायचे, "एवढा पुळका आहे तर सोडून या त्यांना कुठल्यातरी तळ्यात. सुटतील ती आणि सुटेन मी." चौदा वर्षं हे एकच वाक्य. आणि चौदा वर्षं तुमचं एकच उत्तर. "ही इथली नव्हेत गं. परदेशातली जात आहे. तळ्यात सोडली की इथले बेडूक, मासे, इथली गरीब कासवं, सगळं फस्त करतील. नाहीतर हातातून खायची सवय लागलेली आहे, हात शोधत बसतील." ग्राउंड फ्लोअरच्या बाई त्यांचं कासव देवळाच्या तळ्यात सोडायला निघाल्या होत्या तेव्हा तुम्ही जिन्यात आडव्या उभ्या राहिलात. सगळ्या सोसायटीला ते माहीत आहे. तुमच्या सख्ख्या भावाला ते माहीत नव्हतं?

माझे पहिले सात डबे तुम्ही कारखान्यातून मिळवून दिलेत, हे मी विसरलेले नाही. पहिल्या महिन्यात माझी आमटी तिखटजाळ व्हायची, ते लोक तक्रार करायचे आणि तुम्ही घरी येऊन सांगायचात, "सगळ्यांनी बोटं चाटली." ते मला फार नंतर कळलं. तेव्हा आभार मानायला हवे होते. मी मानले नाहीत, कारण त्याच दिवशी मॅनेजरनं माझ्या धुतलेल्या पायपुसण्यावर घाण केली होती.

आता त्या शनिवारचं. टँकर आला नव्हता. तुम्ही एक बादली मागितलीत. मी म्हटलं, "सोमवारपर्यंत थेंब मिळणार नाही. मरत नाहीत ती दोन दिवसांत." पंप लावण्याइतकं पाणी नव्हतं, पण खालच्या टाकीच्या नळाला बारीक धार होती. तुम्ही खाली जाऊन बादली भरलीत आणि दोन मजले चढून आणलीत. एकदा नाही, तीनदा. मी पोळ्या लाटत होते. मला पावलं ऐकू येत होती. तिसऱ्या खेपेला पहिल्या मजल्याच्या वळणावर तुम्ही थांबलात, बराच वेळ थांबलात, तेही मी ऐकलं. मी लाटणं खाली ठेवलं नाही. सोमवारी सकाळी चहाला हाक मारली तर तुम्ही उठलाच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं बऱ्याच दिवसांचं होतं, बादल्यांचा संबंध नाही. तुमचा भाऊ तेच म्हणतो. मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय. मी एक बादली दिली असती तर माझे डबे काही बंद पडले नसते.

पण माझ्या एकटीच्या डोक्यावर हे टाकून तुम्ही सुटणार नाही. तुमच्या त्या वहीत, समुद्रफेसाच्या पानामागे, घडी घातलेला कागद सापडला. चार महिन्यांपूर्वीचा. छातीची तपासणी ताबडतोब करून घ्यावी, असं डॉक्टरनं लिहून दिलेलं. ताई, साहेबच्या डोळ्याला सूज आली तेव्हा तुम्ही रजा टाकून तिला डब्यात घालून बोरिवलीपर्यंत घेऊन गेला होतात, इथल्या डॉक्टरला कासवातलं कळत नाही म्हणून. दहा दिवस तिच्या डोळ्यात थेंब घातलेत, दिवसातून तीनदा, घड्याळ लावून. आणि स्वतःच्या छातीसाठी एक कागद घडी करून वहीत? घरात दोन माणसं होती, तोंड होतं तुम्हाला, मागता येत होतं! माणूस मागू शकतो म्हणून मला शिकवत होतात ना? मग का नाही मागितलंत? सांगितलं असतंत तर मी शनिवारी बादली दिली असती. नसती दिली, माझ्या स्वभावावर माझा भरवसा नाही, पण जिन्यात तरी आले असते.

त्या संध्याकाळी रिकामा टब बघून मी तुमच्या भावाला काय काय बोलले, ते पाहुण्यांनीही ऐकलं. आबाकाका चपला घालून निघून गेले. तुमचा भाऊ शेवटी एवढंच म्हणाला, "तूच तर म्हणायचीस, सोडून या म्हणून." त्यावर मी आणखी मोठ्यानं ओरडले.

दुसऱ्या दिवशी डबे गेल्यावर त्याला पुढे घातलं आणि होळी गाठली. वाडी एका हिराबाईंची आहे. मोगरा, माठ, वांगी, मागे बावखल. मी म्हटलं, आमची कासवं चुकून तुमच्या पाण्यात सोडली, न्यायला आलोय. त्यांनी विळा खाली ठेवला.

"चुकून? तुमी बिल्डिंगवाली मान्सं देव आनून टाकता, जुने फोटो आनून टाकता, निर्माल्य पिशवीसकट टाकता. आता कासवं पन! आमच्या आज्यानं हे बावखल हातानं खनलंय. ह्या पान्यावर माझा मळा हाय. तुमच्यासाठी कचराकुंडी हाय काय?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत झापत होतं आणि सगळं बरोबर बोलत होतं. तुमच्या भावानं "मोक्षासाठी" असं काहीतरी पुटपुटलं.

"कोनाच्या मोक्षासाठी? माझे बेंडूक मेले तर त्यांच्या मोक्षाला कोन येनार? दोनी घेऊन जा. मिळेपरयंत रोज या. पन रोपं तुडवली तर बघा."

मॅनेजर दुसऱ्याच दिवशी सापडला. मी काठावर उभी राहून जवळ्याचा डबा खडखडवला आणि शेवाळातून त्याचं डोकं वर आलं. सरळ माझ्याकडे पोहत आला. तुम्ही म्हणायचात तसंच, हात शोधत. हिराबाईंच्या भाजीच्या कॅरेटमध्ये त्याला अलगद घेतलं. एका डोळ्याशी चिखल होता. घरी आणून धुतला, साबणानं माझे हात धुतले, आणि मला स्वतःचंच हसू आलं.

साहेबचा मात्र पत्ता नाही. नऊ दिवस. रोज दुपारी आम्ही दोघं तिथे. तुमचा भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा, मी काठावर डबा वाजवत. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायचे, काय हरवलं? मी सांगायचे, साहेब. एकदा पाण्यातून माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मला वाटलं, ती सुटली की ताई सुटेल." मी डबा वाजवत राहिले. त्याला मी माफ केलेलं नाही ताई. फक्त तेवढ्या वेळेपुरती ओरडले नाही.

त्या नऊ दिवसांत घरी भेटायला येणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "राहिलेलं एक कासव आम्हाला द्या ना, शुभ असतं, ताईंची आठवणही राहील." मी त्यांना वही वाचून दाखवली, पहिल्या पानापासून. जवळा धुण्यापर्यंत पोचले तोवर त्यांना काहीतरी काम आठवलं.

नवव्या दिवशी हिराबाईंचा फोन आला. "तुमची म्हातारी माझ्या मोगऱ्याच्या वाफ्यात बसलीय. माती उकरते." आम्ही धावलो. साहेब खरंच वाफ्यात होती, मागच्या पायांनी माती ढकलत, आणि हिराबाई तिच्यावर छत्री धरून बसल्या होत्या. मी पुढे झाले तर मला हातानं थांबवलं. "अंडी घालते. बाळंतीन हाय, उठवू नका." ज्या बाईनं आमच्या कासवांना कचरा म्हटलं होतं तिनं दीड तास छत्री धरली. रोपांची नासधूस झाली त्याबद्दल चकार शब्द नाही. नंतर आम्ही अंडी उकरून काढली. तुमच्या वहीत लिहिलंय, बाहेर घातली तर राहू देऊ नयेत. वाईट वाटलं, पण काढली. हिराबाई म्हणाल्या, "तुमच्या नणंदेला ठावं होतं सगळं." मी म्हटलं, "सगळं. स्वतःचं सोडून."

तर साहेब घरी आली. पण चार दिवस तिनं तोंडात काही घेतलं नाही. पालक नाही, जवळा नाही, समुद्रफेसाला तोंड लावलं नाही. मॅनेजर तिच्यासमोर नखं हलवून दमला. बोरिवलीच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, डोळे स्वच्छ आहेत, अंडी घालून थकली आहे, वाट बघा. ती विटांवर चढून बसते आणि तुमच्या खोलीच्या दाराकडे तोंड करते. मी दार लावून बघितलं, तरी तिकडेच. तुमचा भाऊ ते बघून आत जातो आणि नळ सोडून तोंड धुतो.

आज दुपारी डबे गेल्यावर मी टबाशी जाऊन बसले. गुडघे दुखतात, तरी जमिनीवर बसले. म्हटलं, "बघू नकोस तिकडे. ताई नाही येणार. मेली ती." ताई, हे मी ह्या तेवीस दिवसांत एकदाही उच्चारलं नव्हतं. लोकांना सांगताना "गेल्या" म्हटलं, पत्रिकेत "देवाज्ञा" लिहिलं. "मेली," मी म्हटलं, "मलाही सांगितलं नाही तिनं, तुलाही सांगितलं नाही. आता मी आहे. मला तुझ्यातलं काही कळत नाही आणि माझा आवाज मोठा आहे. पण मीच आहे. खा."

आणि कोवळं पान तिच्या तोंडाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग तिनं मान लांब केली आणि पानासकट माझं बोट पकडलं, असं कडकडून की रक्तच आलं. मी मोठ्यानं रडले. तुमचा भाऊ धावत आला, काय झालं विचारत. बोट चावलं म्हणून रडतेय, असं त्याला सांगितलंय. तुम्ही त्याला वेगळं काही सांगू नका. पान तिनं खाल्लं.

तुमची,
शुभा